बर्फाळ वाटेवर धावणाऱ्याचे बूट

परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे पूर्वी महिन्यातून एखादे वेळी येत. आता त्यांची छायाचित्रे रोजच्या रोज घरी येऊन पोहोचतात. त्या छायाचित्रांत अलीकडे एक दृश्य आमच्या वारंवार पाहण्यात येते. पाने झडून गेलेली राई, तिच्यातून वळणे घेत गेलेली पांढरीशुभ्र वाट, आणि त्या वाटेवर तोंडातून वाफा सोडीत धावणारा आपल्याच गावचा एखादा मुलगा किंवा मुलगी. कॅनडातील टोरोंटो व मिसिसागा या शहरांत गोमंतकीय कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. त्या शहरांपासून फार लांब नाही अशा अंतरावरून ब्रूस ट्रेल नावाची प्रसिद्ध पायवाट जाते. नायगाऱ्यापासून उत्तरेस टोबरमोरीपर्यंत सुमारे ९०० किलोमीटर लांबीची ही वाट १९६७ साली लोकांस खुली झाली. चुनखडीच्या कड्याकडेने, रानांतून व ओहोळांवरून ती चढत उतरत जाते. उन्हाळ्यात तेथे चालणाऱ्यांची वर्दळ असते, आणि हिवाळ्यातही हौशी धावणारे ती सोडीत नाहीत.

ही हौस योग्य की अयोग्य, या वादात आम्ही शिरत नाही. तरुण रक्त चार भिंतींत कोंडून राहत नाही, आणि सहा महिन्यांच्या काळोख्या हिवाळ्यात मोकळ्या हवेत घालविलेली एक घटका मनासही उभारी देते. तथापि अशा धावण्यासाठी पायांत काय घालावे, हा प्रश्न मात्र क्षुल्लक समजू नये. मुलाने बुटांची किंमत कळविली तेव्हा एका मातेने आम्हांस विचारले, "फादर, बुटांना एवढे पैसे? आम्ही शाळेत असताना अनवाणीच धावत होतो, आमचे काय बिघडले?" मातेचे म्हणणे आपल्या मातीपुरते खरे आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला याने १९६० साली रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धावून मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले, हे जगास ठाऊक आहे. परंतु ती सप्टेंबरातील रोमची संध्याकाळ होती. आणि चार वर्षांनी टोकियोस त्याच बिकिलाने पुन्हा सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्याच्या पायांत बूट होते. गोठलेल्या डोंगरवाटेचा हिशेब निराळा असतो. तेथे चुकीचा बूट मनुष्याचा प्राणही घेऊ शकतो, आणि एके काळी त्याने तो घेतलाही आहे.

ही घटना १९३५ सालच्या सप्टेंबर महिन्यातील आहे. इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर पुंता रासिका नावाचे सुमारे ३३०० मीटर उंचीचे शिखर आहे. मिलान शहरातील गिर्यारोहकांची एक तुकडी ते चढावयास गेली. त्या तुकडीत विताले ब्रामानी हा अनुभवी आरोही होता. त्या काळी डोंगरात जाणाऱ्याजवळ पादत्राणांचे दोन जोड असत. पायथ्याच्या वाटेसाठी व हिमासाठी तळाला लोखंडी खिळे ठोकलेले जड कातडी बूट, आणि उभा खडक चढण्यासाठी मऊ तळाचे हलके जोडे. खिळ्यांचे बूट खडकावर घसरत, शिवाय लोखंडातून थंडी थेट तळपायात उतरे. म्हणून खडक लागला की ते खाली ठेवून हलके जोडे चढवावयाचे, अशी रीत होती. (पुढे अकरावे पायस या नावाने पोप झालेले फादर आकिल्ले रात्ती यांनी १८८९ साली मोंते रोझा पर्वत ओलांडला, तोही याच खिळेबुटांच्या जमान्यात.) पुंता रासिकावरही मंडळी हलक्या जोड्यांनिशी वर गेली. वर असताना अकस्मात वादळ आले, हिम पडू लागले, खडकावर बर्फ धरला. पायांतले पातळ जोडे ना बर्फ धरीत, ना थंडी अडवीत. उतरणे अशक्य झाले, आणि त्या तुकडीतील सहा जण गारठून व थकून मरण पावले.

ब्रामानी वाचला. परंतु सहा सोबत्यांचे मरण त्याच्या मनातून जाईना. खडक, हिम व चिखल या तिन्हींवर टिकेल, थंडी आत येऊ देणार नाही, असा एकच तळ का असू नये, या विचाराने त्यास पछाडले. टायरांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिरेली कंपनीचे साह्य घेऊन त्याने रबराचा तळ तयार केला. त्या तळास खोल दात होते. रणगाड्याच्या पट्ट्यासारखे दिसतात म्हणून इटालियन भाषेत रणगाड्यास जो शब्द आहे, तो 'कारार्मातो' हाच शब्द त्या तळास नाव म्हणून दिला. १९३७ साली त्याचे पेटंट घेतले गेले. विताले ब्रामानी या दोन नावांच्या पहिल्या अक्षरांवरून 'विब्राम' हे नाव झाले. १९५४ साली इटालियन तुकडीने के-टू हे जगातील दुसऱ्या क्रमांकाचे शिखर प्रथम सर केले, तेव्हा आरोहकांच्या बुटांना हाच तळ होता. आज धावण्याच्या बुटांखाली रबरी दातांची जी नक्षी आपण पाहतो, तिचा वंश या ब्रामानीच्या तळापर्यंत जाऊन पोहोचतो. दुकानात बूट उलटा करून त्याचा तळ पाहणारे गिऱ्हाईक थोडे. बहुतेक जण रंग पाहतात. म्हणून ही हकीकत आम्ही विस्ताराने सांगितली.

मात्र रबरी दात असले म्हणजे सर्व काही साधले, असे नाही. येथे एक अडचण आपल्या भाषेचीही आहे. आकाशातून कापसासारखे पडते तेही आपण बर्फच म्हणतो, आणि पाणी थिजून काचेसारखे टणक होते तेही बर्फच. ज्या देशांत आयुष्यातील अर्धे महिने या दोहोंवरून चालावे लागते, तेथे त्यांस दोन वेगळी नावे आहेत, आणि बूट निवडताना तोच भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो. आम्ही पुढे पहिल्यास 'हिम' व दुसऱ्यास 'बर्फ' म्हणू.

हा भेद आपल्या वाचकांस समजणे कठीण जाऊ नये, कारण त्याचे एक भावंड आपल्या अंगणात आहे. आषाढात शेताच्या बांधावरून जाताना तांबड्या चिखलात पाय रुतवून, बोटे दाबून आपण चालतो. पाऊल आत जाते म्हणूनच ते टिकते. परंतु तोच मनुष्य जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवतो, तेव्हा रुतण्यास जागाच नसते, आणि क्षणात तो पाठीवर आदळतो. हिम हा तिकडचा चिखल, आणि बर्फ हे तिकडचे शेवाळ. हिमात दात रुततात. बर्फात रुतत नाहीत. चिखलातली खोल दातांची चप्पल शेवाळावर कामास येत नाही, त्याचप्रमाणे हिमात उत्तम चालणारा बूट बर्फावर घात करतो.

यामागील कारण असे. बर्फाच्या अगदी वरच्या पापुद्र्यातील कण आतल्या कणांइतके घट्ट बांधलेले नसतात, म्हणून तो पापुद्रा पाण्यासारखा हलता असतो. पारा शून्याच्या जवळ आला की हा थर वाढतो. त्यातच ऊन पडून वर पाणी साचले, तर घसरण्यास मर्यादा राहत नाही. फार कडक थंडीतील कोरडा बर्फ त्या मानाने कमी निसरडा असतो. टोरोंटोच्या परिसरात हिवाळ्यातील पुष्कळ दिवस पारा शून्याच्या वरखाली हेलकावे खातो. दुपारी हिम वितळते, रात्री तेच पाणी थिजते, आणि सकाळी वाटेवर डोळ्यांस न दिसणारी काच अंथरलेली असते. दुसरीकडे रबराचा स्वभाव असा की थंडीत ते कडक होते. उन्हाळ्यात मऊपणामुळे दगडाला चिकटणारा तळ उणे दहा अंशांवर लाकडासारखा वागू लागतो. पायाखालील फोमची गादीही तशीच ताठरते. म्हणून उन्हाळ्यात आवडलेला बूट हिवाळ्यातही तसाच वागेल, असे धरून चालू नये.

बाजारातील चिठ्ठीवर 'हिवाळी' असे छापलेले असते, तिच्यावर किती भरवसा ठेवावा, याची टोरोंटोच्याच एका पुनर्वसन रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने कसोटी घेतली. तेथे एक बंदिस्त खोली आहे. तिच्यात खरा बर्फ अंथरलेला असतो, हवा शून्याखाली नेता येते, आणि सबंध खोली एका बाजूस कलती करता येते. पडून इजा होऊ नये म्हणून माणसास वरून पट्ट्याने बांधतात आणि बूट घालून त्या बर्फावर चालावयास लावतात. उतार थोडा थोडा वाढवीत नेतात, व पाय सुटेपर्यंत कोणत्या अंशापर्यंत बूट टिकला, ते लिहून घेतात. कोरड्या थंड बर्फावर एकदा, आणि वितळत्या ओल्या बर्फावर पुन्हा. सात अंशांचा उतार जो पेलेल तो किमान उत्तीर्ण. २०१६ साली त्यांनी पहिले निकाल जाहीर केले, तेव्हा तपासलेल्या ९८ प्रकारच्या हिवाळी पादत्राणांपैकी अवघे ८ टक्के उत्तीर्ण झाले होते. ती पादत्राणे चालण्याची व कामाची होती, धावण्याची नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु धावणाऱ्याचे पाऊल चालणाऱ्यापेक्षा अधिक जोराने पडते, तेव्हा त्याने या निकालाने निश्चिंत व्हावे असे काही नाही. जे उत्तीर्ण झाले, त्यांच्या रबरात बर्फास पकडणारे बारीक कण किंवा तंतू मिसळलेले होते. त्यांतील एक विब्रामचाच नवा तळ होता. ब्रामानीस हे पाहून संतोष वाटला असता.

तेव्हा मुलास वा मुलीस प्रथम विचारावे की, तू जेथे धावतोस तेथे पायाखाली बहुतेक दिवस काय असते? ताजे, भुसभुशीत हिम व त्याखाली चिखल असेल, तर पाच-सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल दातांचा बूट पाहावा, आणि ते दात एकमेकांपासून दूर दूर असावेत. दाट दातांच्या फटींत हिम ठासून बसते व थोड्याच वेळात तळ गुळगुळीत होऊन जातो. दूर असलेले दात प्रत्येक पावलाबरोबर हिम झटकून टाकतात.

वाट तुडवून तुडवून टणक झालेली असेल, किंवा तिच्यावर वितळून थिजलेल्या पाण्याचा बर्फ असेल, तर मग काट्यांवाचून गत्यंतर नाही. स्वीडन, नॉर्वे व फिनलंड या देशांत नकाशा व होकायंत्र घेऊन रानातून धावण्याचा खेळ आहे. त्याची पहिली जाहीर स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली. ओली मुळे, शेवाळलेले खडक आणि बर्फ यांवरून धावणाऱ्या त्या खेळाडूंच्या बुटांना धातूचे बारीक काटे असतात. स्वीडनमधील आइसबग ही कंपनी २००१ साली निघाली, ती मुख्यत्वे अशाच काटेरी बुटांसाठी. काट्याच्या टोकास टंगस्टन कार्बाइड हा पोलादाहूनही पुष्कळ कठीण पदार्थ बसविलेला असतो, म्हणून मधूनमधून दगड लागला तरी टोक झिजत नाही. उत्तम प्रतीच्या बुटात हे काटे रबरात थोडे आतबाहेर सरकू शकतात; टणक जमिनीवर आत दबतात, बर्फावर बाहेर राहून पकड घेतात. खिळ्यांच्या बुटांचा जुना विचार रबरी तळाशी जुळवून घेऊन परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु काटेरी बुटांचा एक जोड घेणे प्रत्येकास परवडेल असे नाही. शिकावयास गेलेल्या मुलाने महिन्याकाठी किती शिल्लक टाकावी, आणि इकडे कर्जाचा हप्ता किती, हे घरच्या माणसांस ठाऊक असते. अशांसाठी आमचे मत असे की, खोल दातांचा एक चांगला बूट घ्यावा, आणि बर्फासाठी त्यावर बाहेरून ताणून चढविण्याचे साखळी-काटे जवळ ठेवावेत. रबरी पट्ट्यास जोडलेल्या पोलादी साखळ्या व काटे अशी त्यांची घडण असते. बर्फ लागला की चढवावेत, संपला की काढून पिशवीत टाकावेत. ते पायास जड वाटतात आणि उघड्या खडकावर खडखडतात हे खरे. पण आठवड्यातून एकदोनदा धावणाऱ्याचे काम त्यांवर भागते. धावण्यासाठी म्हणून बनविलेलेच घ्यावेत. पायऱ्या उतरण्यापुरती तारेची वेटोळी विकतात, ती वेगात पायातून निसटतात.

आता पाण्याचा प्रश्न. दुकानदार हटकून सांगतो की, पाणी आत न शिरणारा बूट घ्या. अशा बुटांच्या कापडात एक सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. अमेरिकेतील बॉब गोर यांनी १९६९ साली ज्या पदार्थाचा शोध लावला, त्यापासून या पडद्यांची सुरुवात झाली. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. कोरड्या थंडीत घोट्याखालच्या हिमातून धावणाऱ्यास हा बूट खरोखर सुखाचा वाटतो, वारा अडतो व बोटे उबदार राहतात. परंतु गुडघाभर हिमात किंवा ओहोळात पाय पडला, की पाणी पडद्यातून येत नाही. ते वरच्या तोंडातून येते. आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही, तो ते बाहेरही जाऊ देत नाही. मग बूट म्हणजे पायास बांधलेला थंड पाण्याचा तांब्या होतो. ओहोळ ओलांडावे लागतात अशा वाटेवर साधा, पाणी भरभर निथळून जाणारा बूट व लोकरीचे मोजे हीच जोडी आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. हिम आत पडू नये म्हणून घोट्यावर चढविण्याचे कापडी आवरण मिळते, ते थोड्या पैशांत मोठे काम करते.

मोज्यांविषयी एवढेच, की सुती मोजे थंडीत वापरू नयेत. आपल्याकडे सूत हेच सुख, पण भिजलेले सूत तिकडे पायाची ऊब ओढून घेते; लोकर भिजली तरी काही ऊब राखते. मोजे जाड असतील तर बूट त्या मापाने घ्यावा लागतो, आणि येथे पुष्कळ जण फसतात. नेहमीच्या मापाचा बूट, त्यात दोन दोन मोजे कोंबलेले, वर नाडी करकचून आवळलेली. यामुळे पायाचे रक्ताभिसरण मंदावते, आणि बोटे उबदार होण्याऐवजी आणखी थंड पडतात. ज्या मोज्यांनी धावावयाचे तेच मोजे घालून, दुपारनंतर पाय किंचित सुजलेला असतो त्या वेळी बूट घालून पाहावा. लांबट बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी, बोटे आत मोकळी हलावीत, आणि टाच मात्र उचलली जाऊ नये. दुकानात उताराची फळी असल्यास तिच्यावरून उतरून पाहावे. बोटे पुढे आपटली तर तो बूट कितीही स्वस्त मिळत असला तरी परत ठेवावा.

बोटे बधिर होणे ही हिमदंशाची पहिली सूचना आहे. दुखणे थांबले म्हणून बरे वाटू लागते, तेच फसवे असते. अशा वेळी पुढे न जाता आसरा गाठावा, ओले मोजे काढून पाय कोरडे करावेत व उबेत ठेवावेत. हिम चोळण्याचा जुना उपाय सांगणारे अजून भेटतात. तो अपायकारक आहे. शेकोटीशी पाय नेणेही वाईट, कारण बधिर कातडीस भाजलेले कळत नाही. कोमट पाण्यात पाय धरावेत, तेही पुन्हा गोठण्याचा धोका उरला नसेल तेव्हाच; आणि कातडी पांढरी किंवा टणक पडली असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. २० फेब्रुवारी २०२३ रोजी लडाखमधील पँगाँग सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर, लुकुंगपासून मान या गावापर्यंत २१ किलोमीटरची शर्यत झाली. सुमारे ४२०० मीटर उंचीवरील ही शर्यत सर्वांत उंचावरील गोठलेल्या सरोवरावरची अर्धमॅरेथॉन म्हणून गिनीज पुस्तकात नोंदली गेली. अशा सपाट, टणक बर्फावर खोल दातांचा काही उपयोग नाही. तेथे बारीक काटेच हवेत. उलट त्याच लडाखात गोठलेल्या झांस्कार नदीवरून 'चादर'च्या वाटेने जाणारे पुष्कळ लोक साधे रबरी गमबूट घालतात, कारण बर्फावर मधूनमधून घोटाभर पाणी चढते आणि ते पाणी उंच बुटाच्या तोंडातून आत येत नाही. ते लोक धावत नाहीत, सावकाश पाय न उचलता सरकत चालतात. तेव्हा त्यांचा गमबूट त्यांच्या कामास योग्यच आहे. वाट पाहून पादत्राण निवडणाऱ्या त्या डोंगरी लोकांचे आम्हांस कौतुक वाटते.

घरी आल्यावर ओले बूट हीटरवर किंवा चुलीजवळ ठेवू नयेत. तळ चिकटविणारा सरस उकलतो. आतला तळ काढून, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, तासाभराने ते बदलावेत व बूट सावलीत वाळू द्यावेत. तिकडे रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात, ते कापड खाते, म्हणून साध्या पाण्याने बूट पुसून घेणे चांगले. आणि काटेरी बूट घालून घरात, दुकानात किंवा देवळात शिरू नये. गुळगुळीत फरशीवर ते काटे बर्फापेक्षाही अधिक घसरतात, आणि लाकडी जमिनीवर ओरखडे उठवितात. ते उंबऱ्याबाहेरच काढून ठेवावेत. ही सवय आपल्या मुलांस नव्याने शिकविण्याची गरज पडणार नाही.